सभागृहातला सत्कार

बॅनरवर वैदेहीचा फोटो तिच्या प्रोजेक्टातल्या अँटेनाएवढा, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा होता. सरपंच व्यंकटरावांचा मात्र मोबाइलच्या टॉवरएवढा. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘स्थळ : ग्रामपंचायतीचे नवीन सभागृह’. कार्यक्रम लिंबाखाली सतरंज्या टाकून चालला होता, आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं.

"आपल्या पोरीनं इंजिनिअरिंगला असा अँटेना बनवलाय, की एकच तुकडा समद्या कंपन्यांची रेंज ओढतो!" व्यंकटरावांनी माइकवर ठोकून दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

वर्षभर वैदेहीनं तर कंप्युटरच्या पडद्यावर तांब्याच्या पट्टीची लांबी-रुंदी कमी-जास्त करून आलेख तेवढा देखणा केला होता. खरं तांबं हातातसुद्धा धरलं नव्हतं. कुणी अँटेना दाखव म्हटलं तर?

शाल अंगावर पडताना ती पुटपुटली, "काका, अँटेना बनलाच न्हाई वो. नुसता कंप्युटरवर हाय."

फोटोवाल्याकडं बघून हसू तसंच ठेवत व्यंकटराव म्हणाले, "मग घाबरायलीस कशाला, पोरी? आपलं सभागृह बी कंप्युटरवरच हाय."