सात नंबरचा पेशंट

डॉक्टरांनी मनगट धरलं तेव्हा सिस्टरला जाग आली. आपण सात नंबरच्या कॉटवर झोपलो आहोत आणि सकाळचा राउंड सुरू झाला आहे, हे तिच्या एकदमच ध्यानात आलं. उठायची वेळ टळून गेली होती.

हे सगळं आठ नंबरच्या बाईंमुळे झालं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, पाय मोडून महिनाभर पडून होत्या. सिस्टरचा सुट्टीशिवायचा तो एकोणिसावा दिवस. पहाटेचं इंजेक्शन देता देता ती भिंतीला टेकली, तेव्हा बाईंनी शेजारच्या रिकाम्या कॉटकडे बोट दाखवलं. "पाच मिनिटं पड, पोरी. वर्गावर मी लक्ष ठेवते." त्या आवाजापुढे कुणाचंच काही चालत नसे. सिस्टर आडवी झाली. बाईंनी आपली शाल तिच्या अंगावर भिरकावली.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं. नऊ वर्षं ते या वॉर्डात राउंड घेत होते, पण त्यांची नजर कागदावरून क्वचितच वर येई.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून सिस्टरने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते सवयीचंच. "पेशंटला चक्कर येतेय, डॉक्टर. पायांना सूज. झोप नाही. जेवण नावापुरतं."

"कधीपासून?"

"पेशंटला आठवत नाही."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग कोऱ्या केसपेपरवर लिहिलं, 'तीन दिवस पूर्ण विश्रांती. खाली उतरायचं नाही', आणि सही ठोकली. "सिस्टर कुठे आहेत?"

"कामात आहेत," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

अर्ध्या तासात मेट्रनबाई आल्या. सिस्टरचा रजेचा अर्ज 'बदली माणूस नाही' म्हणून त्यांनी चार वेळा परत केला होता. "ऊठ आधी," त्या म्हणाल्या. सिस्टरने घाईघाईने एक पाय खाली टाकला.

"पेशंटशी असं बोलतात?" बाईंनी विचारलं.

मेट्रनबाईंनी केसपेपर उचलला. सही निरखून पाहिली. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पेशंटला उठवू नये, हा नियम त्यांनी स्वतःच भिंतीवर लावून घेतला होता. त्यांनी सिस्टरचा पाय उचलून पुन्हा कॉटवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि वॉर्डाचं काम हाती घेतलं. बदली माणूस खरोखरच नव्हता.

दुपारी मेट्रनबाईच गोळ्या घेऊन आल्या. "तोंड उघड." पाणी पाजताना त्यांनी सिस्टरच्या मानेखाली हात घातला आणि सिस्टरच्या डोळ्यांना धार लागली. याचं काय करावं हे दोघींनाही कळेना. शेवटी मेट्रनबाईंनी तक्त्यावर नोंद केली, 'रडली. दोन मिनिटं.'

भेटीच्या वेळेला सिस्टरची मुलगी आली. कॉटच्या पायथ्याशी गोंधळून उभी राहिली. "आई, तू ड्यूटीवर आहेस की आजारी आहेस?"

"दोन्ही," सिस्टर म्हणाली, आणि बोलता बोलता झोपी गेली.

ती तीन दिवस झोपली. जागी असे तेव्हा मात्र मनाशी हिशेब मांडत राही. खोटी पेशंट बनून सरकारी कॉट अडवलेली. नोकरी गेली तर घर कशावर चालणार?

चौथ्या सकाळी डॉक्टर आले. रक्तदाब उतरला होता, पायांची सूजही. त्यांनी घरी सोडायचा कागद लिहायला घेतला. सिस्टरला राहवेना. ती उठून बसली.

"डॉक्टर, माझी चूक झाली. मी पेशंट नाही. मी याच वॉर्डातली सिस्टर आहे."

"माहीत आहे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "पण तुम्हाला रजा देणं माझ्या हातात नव्हतं, सिस्टर. भरती करून घेणं होतं."