आठ बोल्टांची गाडी

“गॅरेट वाद घालायचा थांबला, की त्याच्यावर लक्ष ठेव,” असं सासूबाई लग्नातच म्हणाल्या होत्या. कोरिनने ते हसण्यावारी नेलं होतं. नवरा वाद घालत नाही, ही काय तक्रार झाली?

आता ती तान्ह्या जूनला खांद्यावर थोपटत टायरच्या दुकानात उभी होती. बाहेर वायोमिंगचा वारा पत्रे वाजवत होता. गॅरेट लोकांचे घोडे ट्रेलरमधून गावोगाव पोचवायचा. गेल्या महिन्यात बर्फावर ट्रेलर उलटला आणि आतले घोडे गेले. चूक त्याची नव्हती. पोलीस तसं म्हणाले, घोड्यांचे मालकसुद्धा म्हणाले. आज पिकअपला नवी चाकं घ्यायची होती.

“या राजे,” म्हाताऱ्या डेलबर्टने काउंटरमागून हाक मारली. “तुझी ती काळी रिम आलीय बघ. वर्षभर डोकं खाल्लंस माझं तिच्यापायी. चल, आता टायरच्या नक्षीवरून भांड, म्हणजे माझा दिवस सुरू होईल.”

“साधी लोखंडी चाकं दे,” गॅरेट म्हणाला. “आणि ते तिकडचे टायर.”

डेलबर्टने वळून पाहिलं. “ते? अरे, ते आजीबाईंना चर्चला नेणारे टायर. चाकाला आठ-आठ बोल्ट असलेल्या दणकट गाडीवर ते चढवून घोडे ओढणारेस?”

“ओढायचं नाहीये काही. ते मऊ चालतात. जूनला घेऊन गावात यायला कोरिनला बरे पडतील.”

“आणि तुला?”

“माझं काय,” गॅरेट म्हणाला आणि अंगठ्याने रिमवरची धूळ पुसत राहिला.

डेलबर्टचं हसू विरलं.

कोरिनचा थोपटणारा हात थांबला. आठवडाभरात गॅरेटने हिवाळ्याची लाकडं फोडून रचली होती. फाटकाची कडी बसवली होती, जनरेटर कसा चालू करायचा ते तिला दोनदा दाखवलं होतं. आपलं खोगीर धाकट्या भावाला देऊन टाकलं होतं. काल बहिणीशी फोनवर बोलताना ती कौतुकाने म्हणाली होती, सावरला गं तो. शेजारच्या व्हर्नने स्वतःला गोळी घातली, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लोक हेच बोलत होते, की बिचारा सगळं किती नीट लावून गेला.

“गॅरेट,” तिने विचारलं, “तू मरायचं ठरवलंयस का?”

गॅरेटने वर पाहिलं नाही. नाही, असंही म्हणाला नाही. त्याचे खांदे हुंदक्यांनी हलायला लागले.

डेलबर्टने दाराला आतून कडी घातली. “हे टायर मी तुला देत नाही,” तो म्हणाला. “बस इथे, पोरा.” आणि खुर्ची पुढे ओढली.

कोरिनने जूनला गॅरेटच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. जुन्याच टायरांवर तिने गाडी दवाखान्यापर्यंत नेली. डेलबर्ट गॅरेटला आणि जूनला घेऊन मागच्या सीटवर बसला होता.

कोरिन आता भेटेल त्याला एक गोष्ट विचारते, तुम्हालाही विचारेल. तुमच्या ओळखीतलं कोणी हल्ली फार शहाण्यासारखं सगळं निरवून ठेवतंय का? मग फोनवर भागवू नका. जाऊन बघून या.