तक्रारदाराचं नाव

“नाव सांग साहेब. त्याबिगर डबा नाय मिळायचा.” मथुराने डबा पदराखाली ओढला.

सौरभ हसला. पालिकेत पावसाळी गटारांचं काम बघणारा हा इंजिनिअर बोरीवलीच्या या बाजूला आला, की गल्लीच्या तोंडाशी मथुराच्या टोपलीजवळ दोन मिनिटं थांबायचाच.

“मावशी, तक्रार कोणी केली ते सांगायचं नसतं. नियम आहे.”

“जळला तुजा नियम!” ती म्हणाली आणि तिने डबा त्याच्या हातात ठेवला. तिसऱ्यांचं कालवण होतं. कुणाला उपाशी ठेवून हट्ट पुरवून घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

हट्टाला कारणही तसंच होतं. दोन वर्षं खाडीचं पाणी निळं झालं होतं. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचायच्या आणि इथे आणून विकायच्या, मथुराला दुसरं काही येत नव्हतं. त्या तिसऱ्याच मरायला लागल्या. दहा शिंपल्या उघडल्या तर सात काळ्या निघत. रोजची गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे जाऊ लागली. साठीला आलेल्या बाईने आता लोकांची धुणीभांडी धरावीत, असं घरात ठरत आलं होतं. तिनेही मनातल्या मनात मान डोलावली होती.

आणि एप्रिलातल्या एका दुपारी हा साहेब हातात कुणाच्या तरी तक्रारीचा कागद घेऊन आला. मथुरा तेव्हा मासळी धुतलेल्या पाण्याचा टब गटाराच्या जाळीत रिकामा करत होती. त्याने टबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग जाळीपाशी उकिडवा बसला.

“पावसाला दोन महिने आहेत,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “गटार कोरडं हवं. मग हे खाली एवढं पाणी कुठून येतंय? आणि निळं?”

“दोन वर्सं तेच इचारतो आमी,” मथुरा म्हणाली. “पण कोळणीचं ऐकतो कोण?”

कागदाची घडी घालून त्याने खिशात टाकली. आठ दिवस तो एकेक चेंबर उघडत वर वर सरकत गेला आणि जीन्स रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या भिंतीशी पोचला. कारखान्याने आपला पाइप गुपचूप पावसाळी गटारात सोडला होता. पाइप बंद झाला, खटला उभा राहिला. दिवाळीपर्यंत तिसऱ्या पुन्हा जिवंत निघायला लागल्या. पहिली टोपली भरली त्या दिवशी मथुरा चिखलात उभी राहून लहान पोरीसारखी रडली.

त्याने तिलाही एक गोष्ट सुनावली होती. “मावशी, टबातलं पाणी या जाळीत नका ओतू. इथलं पाणी कुठे शुद्ध होत नाही, जसंच्या तसं खाडीत जातं. म्हणजे तुमच्याच तिसऱ्यांच्या तोंडात.”

हे तिच्या काळजाला लागलं. तेव्हापासून टबाला झाकण आलं. त्याने दाखवलेल्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत ती टब वाहून नेई, आणि शेजारची कुणी जाळीकडे वळली की तिची सात पिढ्यांची चौकशी करी.

पण साहेबाचे उपकार निदान फेडता तरी येत होते. ती तक्रार लिहिणारा कोण? “साहेब पगारी माणूस. पण ज्याने कागद लिवला त्याला काय पडलेली?” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. रोज मूठभर तिसऱ्या त्या अनोळखी माणसाच्या नावाने बाजूला काढी आणि ज्याचा संशय येईल त्याला देऊन टाकी. निवृत्त मास्तर भाऊ तर सरळ म्हणाले, “मी नाही गं लिहिलं. पण देतेसच आहेस, तर घेतो.”

जानेवारीत सौरभची मुलुंडला बदली झाली. त्याच्या जागी श्रुतिका आली, नवीकोरी, काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन. मथुरा पहिल्याच दिवशी तिच्यामागे हात धुऊन लागली.

“बाय, एवढं नाव बघ. मरायच्या आधी त्याच्या पाया पडायचंय मना.”

श्रुतिकाला तिचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. “जुनी तक्रार आहे, निकाली निघालेली. सांगते, पण कुणाला बोलू नका हं मावशी.” तिने फाइल उघडली. “वसुधा पाटकर. समोरची बिल्डिंग, तिसरा मजला.”

मथुराचा हात तोंडावर गेला. वसुधाताई! दर बुधवारी, रविवारी येणारी, घासाघीस करून वर दोन शिंपल्या जास्तीच्या टाकून घेणारी! दहा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि एका शब्दाने बोलली नाही.

“एवढं करून गप ऱ्हायली गं माजी बाय.” तिचे डोळे भरून आले. तिने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघून हात जोडले आणि टोपलीतल्या मोठ्या मोठ्या तिसऱ्या वेगळ्या काढायला लागली. “वाच, बाय. काय लिवलंय ते सगळं वाच.”

श्रुतिका वाचू लागली. “‘आमच्या गल्लीच्या तोंडाशी मथुरा नावाची मासेवाली बसते. ती रोज मासळीचं घाण पाणी पावसाळी गटारात ओतते. वारंवार सांगूनही ऐकत नाही. तिच्यावर कारवाई करून तिला इथून कायमचं उठवावं, ही विनंती.’”

मथुराचा हात टोपलीत तसाच राहिला.

“मग?” तिने हळूच विचारलं. “साहेबाने काय केलं?”

“शेरा आहे ना सौरभ सरांचा.” श्रुतिकाने पान उलटलं. “‘समक्ष पाहणी केली. मथुरा नावाची मासेवाली या गल्लीत आढळली नाही.’”