तीन लेकरांचा बाप

आणीबाणीच्या दिवसांतली गोष्ट. इतवारीतल्या नत्थूला बाविसावं सरत आलं होतं, पण ओठावर मिसरूड काही धड फुटलं नव्हतं. दुपारच्या खेळाला तो 'फक्त प्रौढांसाठी'वाला सिनेमा पाहायला गेला, तर टॉकीजच्या दारातच त्याला अडवलं. तिथं टेबल मांडून बसलेला एक बाबू प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता वहीत उतरवून घेत होता.

"सिनेमा पाहाले घरचा पत्ता काहून पायजे भाऊ?" नत्थूच्या मनात पाल चुकचुकली.

"वरून हुकूम हाय. अन् तू तं शाळेतला पोट्टा दिसून राहिला."

पोट्टा म्हटल्यावर नत्थूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोट्टा? तीन लेकराईचा बाप हावो मी!"

बाबूने मान वर न करता तेही लिहून घेतलं आणि त्याला आत सोडलं.

पुढच्या रविवारी नत्थूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. खाप्याहून आलेले मुलीकडचे पाहुणे पंगतीला बसले, अन् दारात नसबंदी शिबिराची जीप येऊन थांबली.

 

जीपमधून उतरलेल्या साहेबाने टॉकीजवरची तीच वही उघडली आणि पंगतीवरून नजर फिरवत विचारलं, "तीन लेकराईचा बाप नत्थू कोन हाय इथं?"