एक जादा शून्य

कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा प्रोग्राम हेमांगीने हाताने लिहिला नव्हता. तिने आराखडा काढून दिला आणि संगणकाने त्यावरून कोड तयार केला. म्हणून कामगार रामेश्वरची चार बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा साहेब तिला म्हणाले, “तुझा काय दोष?”

तरी तिने आराखडा उघडला. हात आत आला का, हे मशीनने दर दहा मिलिसेकंदांनी तपासायचं होतं. तिने शंभर लिहिलं होतं. कोडने ते इमानेइतबारे पाळलं होतं.

इस्पितळात जाऊन तिने रामेश्वरला सगळं सांगितलं. तो दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाला,

“कुणाला सांगू नका, मॅडम. चूक माझीच, असं साहेबांनी लिहून घेतलंय. डाव्या हातानं सही केली मी. ते मला वॉचमन म्हणून ठेवणार आहेत. तुम्ही बोललात तर तेही जाईल.”

“बरं,” हेमांगी म्हणाली.