डावा पीळ

आमच्या तान्ह्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, आणि माझी बायको नारे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून भाताच्या पेंढ्याची दोरी वळत होती. आमच्याकडे मुलगी झाली की घराच्या दाराला बांधतात तशीच, कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोचलेली. ती दोरी दिसली की तीन आठवडे बाहेरचं माणूस उंबरा ओलांडत नाही. “आत पेंढा चालणार नाही,” नर्स म्हणाली. “दाराबाहेर बांधा. कुणी काढायला आलं तर मी बघते.” नारेने दोरी बांधली, तोच गावाकडून, दामयांगहून, माझी आई येऊन पोचली, बसमध्ये रडून डोळे सुजवून. “मला एकदा डोळे भरून बघू दे तिला. उद्याचं कुणी सांगावं?” नारे दार अडवून उभी राहिली. “तीन आठवड्यांनी बघा, आई. बाळंतिणीच्या दारातून बाहेरचं कुणी आत येत नाही.” मला वाटलं, आता आई दोरी तोडणार. तिने गाठ सोडून ती दारावरून काढलीच. “पीळ उजवा घातलास. अशा दोरीने पोती बांधतात. इडापिडा अडवायची तर पीळ डावा लागतो, एवढंही आईने शिकवलं नाही?” मग बाकावर बसून, तळहात ओले करून तिने दोरी नव्याने वळली आणि स्वतःच्या हाताने दाराला बांधली. नर्सने तिच्यापुढे आत जाताना घालायचा झगा धरला. “आजी, पाच मिनिटं बघून या नातीला.” आईने झगा परत केला. “दोरी दिसत नाही का तुला? तीन आठवड्यांनी येईन. ती काय कुठे पळून चाललीय?”