मावशीवर गेली

डॉक्टरबाईंनी आधी बाळाचे हात पाहिले, मग मावशीचे. दोन्हीकडे तेच. मधली बोटं नाहीत, तळव्यात खोल खाच, आणि कडेची दोन बोटं खेकड्याच्या नांगीसारखी एकमेकांकडे वळलेली.

"तुमच्या वडिलांचेही असेच होते?"

"हो," थोरली म्हणाली. "त्यांच्यानंतर फक्त माझे."

धाकटीचा हात बाळाच्या अंगावर होता. गोरापान, लांबसडक बोटांचा. पाहुण्यांनी या हातांचं कौतुक सुरू केलं की थोरली आतल्या खोलीत निघून जायची.

"वडिलांकडून हा दोष दोघींनाही आला," बाई धाकटीला म्हणाल्या. "तुमच्यात तो दिसला नाही, एवढंच. लेकीत उघडा पडला. होतं असं कधीकधी."

धाकटीला रडू फुटलं. "मला माहीत असतं तर मी कशाला..."

"मला माझं माहीत होतं," थोरली म्हणाली.

तिने लग्न होताच नवऱ्याला सांगून टाकलं होतं, असे हात येण्याची शक्यता निम्मी, असं छापा-काटा करून मूल आणायचं नाही. नवरा समजूतदार. पुन्हा त्याने विषय काढला नाही, आणि त्या घरात पाळणाही हलला नाही.

धाकटीची कीव यायला हवी होती. झाला तो जळफळाट. थोरलीचा झगा, खिडकीजवळची जागा, आईची कूस, एकेक करत सगळं धाकटीकडे गेलं होतं. हे हात तेवढे थोरलीचे एकटीचे उरले होते. आता तेही धाकटीच्या मांडीवर होते, आणि त्यांच्यासोबत अख्खं मूल.

पोर कळवळून रडू लागली. धाकटीने थोपटलं, हलवलं, पदराखाली घेतलं. काही केल्या गप्प बसेना. थोरलीने न विचारताच तिला उचललं. पोरीने मावशीचं बोट आपल्या दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरलं आणि हुंदका अर्धवट टाकून टुकूटुकू बघत राहिली.

"अगदी मावशीवर गेली हो," बाई हसून म्हणाल्या.

धाकटीचं रडणं थांबलं. ती बहिणीच्या हातांकडे पाहत होती. ती नजर थोरलीच्या चांगल्या ओळखीची होती. इतकी वर्षं ती तिची स्वतःची होती.

"दे इकडे," धाकटी म्हणाली. "माझी आहे ती."